पाचूतली वाडी

मी पोट भरते ते खोटी काढून. अंधेरीच्या एमआयडीसीत हिरे तपासणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथे मी नोकरीला आहे. दिवसभर भिंगाखाली हिरा धरायचा आणि त्यात कुठे ढग आहे, कुठे पिसासारखी चीर आहे, कुठे सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका आहे ते शोधायचं. हिरा आतून जितका रिकामा तितका भारी. आत अगदी काहीच नसलेला हिरा आला की आम्ही एकमेकींना हाका मारून दाखवतो. काहीच नाही ते बघायला एवढी गर्दी.

लग्न ठरलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी माझं काम काय ते शांतपणे ऐकून घेतलं. मग प्रीतमकडे, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "घरात सून हाडतंव ती पण खोटी काढणारी." प्रीतम घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मला मात्र बाई तिथल्या तिथे आवडली. शेवंती त्यांचं नाव. देवगडकडच्या. मालवणी आमच्याशीही बोलतात आणि मुलुंडच्या भाजीवाल्याशीही बोलतात, ज्याला कळेल त्याला कळेल.

माझं नाव मित्रा. आई-वडील बौद्ध. माहेर घाटकोपरचं, मूळ गाव बुलढाण्याकडे. आमच्या घरात ग्रहाच्या खड्यांना थारा नव्हता. वडील म्हणायचे, खडा एक तर भातात लागतो नाहीतर चपलेत टोचतो, बोटात त्याचं काय काम? त्यामुळे सासूबाईंच्या बोटातला हिरवा खडा पहिल्यांदा दिसला तेव्हा मी मनातल्या मनात नाकच मुरडलं. मग एका रविवारी दुपारी त्यांनी मला खिडकीशी बोलावलं.

आमचं घर मुलुंड पश्चिमेला, चौथ्या मजल्यावर. मागच्या खिडकीतून डोंगर दिसतो. जेवणं झाली की सासूबाई त्या खिडकीशी पाट टाकून बसायच्या, अंगठी काढायच्या आणि डोळ्याजवळ धरून उन्हात बघत राहायच्या. त्या दिवशी अंगठी माझ्या हातात देत म्हणाल्या, "बघ. हयसर बाव आसा."

मी बघितलं. सवयीप्रमाणे आधी खोटच दिसली. पाचूच्या पोटात नेहमी काही ना काही असतंच, धागे, बुडबुडे, शेवाळासारखे पुंजके. हिऱ्यात हे असतं तर मी कपाळाला हात लावला असता. पण त्यांच्या बोटाच्या खुणेने मी बघत गेले. एक गोल काळसर पुंजका, ती विहीर. तिच्या कडेला दोन उभ्या रेघा, त्या पोफळी. आणि एक बारीक वळणाची रेघ. "हयसून पायवाट खाली व्हाळाक जाता," त्या म्हणाल्या. पंखा फिरत होता, खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, आणि मी त्या पायवाटेने उतरत उतरत ओढ्यापर्यंत गेले. पाण्याचा आवाज आला, असं म्हणायला मला लाज वाटते. पण आला.

त्या दिवसापासून दर रविवारी आमचं ते चाललं. कधी पोफळीखाली त्यांची आई उभी असायची, कधी कुणीच नसायचं. मी त्यांना कामावर वाचलेलं सांगायचे. एके काळी जगातले हिरे आपल्याकडच्या नद्यांच्या वाळूत सापडत, राजेरजवाडे त्यासाठी एकमेकांच्या उरावर बसत. पाचूची गोष्ट उलटी. उत्तम पाचू समुद्रापलीकडून, पार पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाहून यायचे. फिरंगी ते गलबतात घालून गोव्याला आणत आणि तिथून मोगलांसाठी वर सुरतेकडे जात. "म्हणजे तुमच्या देवगडच्या समोरूनच गेले असतील," मी म्हटलं. सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या पणजीच्या पणजीने खडकावर कालवं काढताना ती शिडं बघितली असणार, याबद्दल मग आमच्या घरात कुणाला शंका उरली नाही.

अंगठी दिली होती सासऱ्यांनी, गुणाजीबाबांनी. ते लालबागला गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, तिच्यामागोमाग सासूबाईंच्या अंगावरचा एकेक दागिना गेला. पुढे बाबा अंधेरीला सीप्झमध्ये दागिन्यांच्या एका कारखान्यात शिपाई म्हणून लागले. काही वर्षांनी एका दिवाळीत त्यांनी ही अंगठी आणून बायकोच्या पुढ्यात ठेवली. तिने उलटसुलट बघून विचारलं होतं, "खोट नाय मा?" आणि बाबा म्हणाले होते, "नाय." ही गोष्ट सासूबाई दर वेळी याच दोन वाक्यांत सांगायच्या. पुढे दर वर्षी दिवाळीच्या आधी बाबा अंगठी दोन दिवसांसाठी मागून घ्यायचे, कारखान्यात पॉलिश करून आणतो म्हणायचे. ती परत यायची तेव्हा नव्याने पाणी प्यायल्यासारखी दिसायची.

बाबांबद्दल सांगायचं तर माणूस अबोल आणि फार सोसणारा. दिवाळीच्या सुमाराला त्यांचा कान हटकून दुखायचा. औषधाच्या रुंद तोंडाच्या तपकिरी बाटलीत तेल भरून ते खिडकीच्या ग्रीलवर उन्हात ठेवायचे, वर कापसाचा बोळा. कुणी विचारलं तर म्हणायचे, कानात घालायचं तेल आहे, हात लावू नका. सासूबाईंना त्या उन्हातल्या तेलाचा भरवसा नव्हता. त्या स्वतः लसूण घालून तेल कढवायच्या, बाबांना आडवं करायच्या आणि दोन्ही कानांत ओतायच्या. ते ऊन ऊन तेल कानात जाताना त्यांचा चेहरा बघवायचा नाही. भिंतीवर त्यांचा जो फोटो आहे तो अशाच एका दिवाळीतला, त्यात उजव्या कानातला कापूस स्पष्ट दिसतो.

गेल्या माघात बाबा झोपेतच गेले. दिवाळी त्यांच्यावाचून आली आणि गेली. त्यानंतर एका रविवारी सासूबाईंनी अंगठी उन्हात धरली, बराच वेळ धरली, आणि म्हणाल्या, "बाग सुकत इली, मित्रा."

मला वाटलं डोळ्यांचं काही असेल. पण मलाही दिसलं. जिथे गर्द हिरवं होतं तिथे पांढरट रेघा उठल्या होत्या, चैत्रातल्या गवतासारख्या. विहिरीच्या काठाला तडा गेल्यासारखा दिसत होता. खडा एकूणच फिका, भुरकट झाला होता.

इतकंच असतं तर निभावलं असतं. पण आमच्या शेजारच्या माधुरीताई मोबाईलवर रत्नशास्त्र शिकतात. शिकतात म्हणजे आंघोळ करतानाही ऐकतात. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यांनी सांगून टाकलं की पाचू हा इमानाचा खडा, काकी. देणाऱ्याने दिलेला शब्द खोटा असला की तो फिका पडतो.

आणि सासूबाईंना बाराव्याला आलेली ती बाई आठवली. बाबांच्या कारखान्यातली मीरा म्हणून एक जण आली होती, पन्नाशीच्या आतबाहेरची. फोटोपुढे उभी राहून ती इतकी रडली की घरातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं होतं.

"ती बाई तितकी कशाक रडली गो?" सासूबाईंनी मला विचारलं. त्यांनी अंगठी काढून तांदळाच्या डब्यात टाकली. फोटोपुढची उदबत्ती बंद झाली. पौषात प्रीतम भटजींशी बोलून आला तर म्हणाल्या, वर्षश्राद्ध करू नका. का, ते सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, "माणूस गेलो की मगे विचारतलंय कोणाक?"

खरं सांगते, मला रडू आलं. वर्षश्राद्धाशी माझं देणंघेणं नाही. पण इतक्या वर्षांचा संसार एका बाईच्या मनात असा मागच्या मागे उसवत होता, आणि ती रोज आम्हाला गरम भाकरी वाढत होती. प्रीतम म्हणाला, "यार, तू बघ ना जरा तो खडा तुझ्या मशीनखाली. काय वाट लागलीय ते तरी कळेल."

तांदळातून अंगठी काढून मी ती स्वतःच्या बोटात घातली आणि सकाळच्या बसला बसले. मुलुंडहून अंधेरीला जाताना पवईचा तलाव लागतो. जलपर्णीने तो काठाकाठाने हिरवा झाला होता, मधलं पाणी धुक्यात होतं. बस सिग्नलला थांबली. मी बोट काचेला टेकवलं, तर बाहेरचं हिरवं आणि बोटातलं हिरवं क्षणभर एकच झालं. मला उगाच वाटलं की बाबा त्या पलीकडच्या काठाने, कानात कापूस घालून, सावकाश चालत चाललेत.

जेवणाच्या सुट्टीत मी अंगठी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. हिऱ्यात नजर आत शिरली की थेट पलीकडे निघून जाते, थांबायला जागाच नसते. पाचूत तसं नाही. मी आत शिरले आणि रस्ता चुकले. विहीर होती, पोफळी होत्या, पण आता प्रत्येक गोष्टीच्या आरपार भेगा दिसत होत्या. पृष्ठभागापासून पोटापर्यंत गेलेल्या, जुन्या. हा खडा कधीतरी जवळजवळ फुटला होता. बऱ्याचशा भेगा कोरड्या, पांढऱ्या. दोन-तीन खोल भेगांत मात्र दुधासारखं काहीतरी भरलेलं होतं. आमच्याकडे एसी कडक असतो, माझे हात गार पडले होते. मी अंगठी मुठीत धरून चोळत बसले आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली ठेवली. दूध नाहीसं झालं होतं. तिथे हिरवं दिसत होतं, ओलं.

मी पुन्हा खडा थंड होऊ दिला. पुन्हा दूध आलं. मुठीत धरला, पुन्हा गेलं.

पाचूला तेल देतात हे मला माहीत होतं. बाजारातल्या बहुतेक पाचूंना दिलेलंच असतं, तेलाने भेगा झाकल्या जातात. पण हिऱ्यांच्या पलीकडे माझं फारसं जाणं नव्हतं, आणि गारठ्यात गोठणारं हे कुठलं तेल ते काही लक्षात येईना. विचारायला एकच माणूस होतं. मीराताई अजून त्याच कारखान्यात होत्या, माझ्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर. बाराव्याच्या दिवशी त्यांनी प्रीतमला नंबर दिला होता.

संध्याकाळी सीप्झच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर त्या भेटल्या. मी हातातली अंगठी पुढे केली. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"अजून आहे ही?" त्या म्हणाल्या. "ही माझ्याच हातून फुटली."

मग त्यांनी सांगितलं. त्या नवीन होत्या तेव्हा, दागिने धुवायला बसायच्या. एक मशीन असतं, पाण्याला बारीक थरथर देऊन घाण काढणारं. हिरा त्यात कितीही वेळ टाका, काही होत नाही. त्या दिवशी हिऱ्यांच्या दागिन्यांबरोबर पाचूची एक अंगठी त्यांनी त्यात टाकली. पाचू बाहेर आला तो असा तडकून, तेल निघून गेलेलं. सेठनी तो उपटून टाकाऊच्या वाटीत फेकला. मीराताई जिन्यात बसून रडत होत्या.

"काकांनी चहा आणून दिला मला," त्या म्हणाल्या. "मग सेठकडे जाऊन म्हणाले, पोरीला ठेवा, शिकेल. दिवाळीला सेठ सगळ्यांना मिठाईचा डबा द्यायचे. काकांनी त्या वर्षी डबा नको म्हटलं, तो खडा मागितला. कारागिराने एका साध्या अंगठीत बसवून दिला. मी तेल दिलं त्याला, पहिल्या वर्षी. सांगितलं की काका, भांडी घासताना हे निघून जाणार, दरवर्षी द्यावं लागेल. तर म्हणाले, दरवर्षी तुझ्याकडे काय मागायचं, घरी खोबरेल आहे. मी म्हटलं, खोबरेल थंडीत गोठतं, खडा धुरकट दिसेल." मीराताईंनी ग्लास पुन्हा उचलला. "म्हणाले, तिचा हात गरम असतो."

"आईंना कधी सांगितलं नाही त्यांनी," मी म्हटलं.

"कसं सांगणार? बिनखोट आहे म्हणून बसले होते ना."

परत येताना बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकवून बसले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली होती. मी गप्प राहिले तर सासूबाई मीराताईंबद्दल मनात धरून बसणार. सांगितलं तर माधुरीताईंचं शास्त्र खरं ठरणार, शब्द खोटाच होता की. एका 'नाय'साठी या माणसाने पंचवीस दिवाळ्या ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि ते उघडं करायचं मी, बोलून चालून खोटी काढणारीने. तलावावर अंधारून येत होतं. मुठीतली अंगठी गरम होती.

रविवारी दुपारी सासूबाई खिडकीशी नव्हत्या. आत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्या समोर बसले, अंगठी सुपात ठेवली आणि सगळं सांगितलं. मशीन, जिना, मिठाईचा डबा, खोबरेल. 'तिचा हात गरम असतो' हे बाबांचं वाक्य मी दोनदा सांगितलं.

त्यांनी अंगठी उचलली. बोटात घातली नाही, तळहातावर ठेवून मूठ मिटली.

"म्हणजे खोट होती."

"होती."

"आणि हेंका ठावक होतां."

"पहिल्या दिवसापासून, आई."

डोंगराच्या बाजूने वारा आला, पडदा फुगला आणि परत खाली बसला. मला वाटलं, चुकलं माझं. कशाला गेले सांगायला?

"मगे तेल खयसर देयत?" त्यांनी विचारलं. "पॉलिशीक म्हणान व्हरत ना अंगठी."

"ते मीराताईंना माहीत नाही. घरीच देत असणार. ऊन लागतं त्याला, ऊबेने तेल आत—"

मी बोलता बोलता थांबले. त्यांनी खिडकीकडे बघितलं होतं. मीही बघितलं. ग्रीलवर, कुंडीच्या मागे, ती तपकिरी बाटली अजून तशीच होती. बाबा गेल्यावर तिला कुणी हात लावला नव्हता.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. बाटली घेतली, बोळा काढला, वास घेतला. तळाशी पांढरं खोबरेल गोठून बसलं होतं. त्या तशाच वळल्या आणि भिंतीवरच्या फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या. फोटोतल्या कानातल्या कापसाकडे त्या बघत होत्या.

"तेंच्या कानाक कायच झालां नव्हतां," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"आणि मी दर वर्सा लसणीचा कढत तेल ओततंय. दोनय कानात. आणि ह्यो माणूस..." त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पदर तोंडाला लावून त्या कितीतरी वेळ तशा उभ्या होत्या. "ह्यो माणूस गप पडान घालून घेय, गो."

मग त्यांनी डोळे पुसले. बाटलीत नवं खोबरेल ओतलं, अंगठी तिच्यात सोडली, बोळा लावला आणि बाटली ग्रीलवर, जिथे ऊन पडत होतं तिथे, नीट टेकवून ठेवली. फोटोपुढे उदबत्ती लावली. प्रीतमला हाक मारून म्हणाल्या, भटजींना सांग, आणि जेवायला त्या मीराला पण बोलवा. आम्ही दोघी खिडकीशी बसलो. तपकिरी काचेच्या आत काही दिसत नव्हतं, तरी आम्ही तिकडेच बघत होतो. तेल हळूहळू पातळ होत असणार. विहिरीच्या काठाने, पायवाटेने, पोफळींच्या मुळांशी ते उतरत असणार.

इतक्यात शेजारच्या गॅलरीतून माधुरीताईंनी डोकं बाहेर काढलं. "काकी, उन्हात काय ठेवलंय हो ते?"

सासूबाईंनी मान वळवलीसुद्धा नाही.

"कानातला तेल," त्या म्हणाल्या. "हात लावू नको."